ह्यूस्टन ते राजापूर: आजारी माणसाला विमानाने घरी आणताना

विमानातले पंधरा-सोळा तास हा या प्रवासाचा त्यातल्या त्यात सोपा भाग. तिथे मदतीला क्रू असतो आणि कधी पोहोचणार हे मिनिटागणिक माहीत असतं. घोळ होतो तो दोन टोकांना. तिकडच्या हॉस्पिटलातून निघताना अर्धवट कागद हाती पडतात. इकडे मुंबईत उतरल्यावर कुणीतरी सांगतं, की अँब्युलन्स घरापर्यंत जातच नाही, रस्त्यापासून खाली पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरावी लागते.

मी नर्स आहे, रत्नागिरी जिल्ह्यातली, आणि मेडिकल एस्कॉर्ट म्हणून रुग्णांबरोबर प्रवास करते. हा लेख आपल्या माणसाला आणायला निघालेल्या नातेवाइकांसाठी आहे, तसाच या कामात उतरू पाहणाऱ्या नर्स आणि ब्रदर मंडळींसाठीही. आपल्याकडचे रुग्ण साधारण तीन तऱ्हांचे: जहाजावर आजारी पडून परदेशी बंदरात उतरवलेला खलाशी, आखातात पक्षाघात झालेला कामगार, आणि मुलाकडे अमेरिकेला गेलेली, तिथे खुब्याचं हाड मोडून घेतलेली आई. प्रवास करू द्यायचा की नाही, हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आणि विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागाचा. खाली दिलेले आकडे त्यांच्याशी नीट बोलता यावं म्हणून आहेत, त्यांच्याऐवजी वापरायला नाहीत.

सुरुवात घरापासून

तिकीट शोधण्याआधी गावातल्या कुणाला तरी घरी पाठवा आणि व्हिडिओ कॉलवर सगळं बघून घ्या. रस्ता कुठे संपतो? तिथून दारापर्यंत किती पायऱ्या, आणि पावसात त्या शेवाळतात का? स्ट्रेचर वळेल इतकी पाखाडी रुंद आहे का? नसेल तर दोन बाजूंनी दांडे असलेली भक्कम खुर्ची आणि चार धडधाकट माणसं ठरवून ठेवावी लागतात. वाडीतली माणसं हाकेला येतात हे खरं, पण तुम्ही पहाटे तीनला पोहोचलात तर कोण कोण येणार हे नावानिशी माहीत हवं.

आत गेल्यावर खाट कुठे ठेवायची? जुन्या घरात माजघर अंधारं असतं, उंबरठे उंच असतात आणि संडास परसात. माझ्या मते पहिले दोन-तीन आठवडे पडवीच्या शेजारची खोली किंवा ओटीच बरी: उजेड, वारा, आणि माणूस पटकन उचलता येतो. घर फारच आडबाजूला असेल तर आधी चिपळुणात किंवा रत्नागिरीत पाहुण्यांकडे राहावं, नंतर गावी जावं. यावर घरोघरी वाद होतात. रुग्णाला घरच हवं असतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण रात्री दोन वाजता धाप लागली तर डॉक्टर किती मिनिटांवर आहे, हा प्रश्न आधी.

ऑक्सिजन लागणार असेल तर विजेचा विचार करा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) ३०० वॉटच्या आसपास किंवा जास्त वीज खातो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. घरचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी घेतलेला असतो. म्हणून भरलेला सिलिंडर हवाच. दहा लिटरच्या, बी टाइप म्हणतात त्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेला सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला २ लिटरने तो साधारण बारा तास पुरतो. हा हिशेब कागदावर करा आणि दोन सिलिंडर ठेवा.

मग हॉस्पिटल. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल, सिंधुदुर्गात ओरोसचं शासकीय आणि पडवेचं खासगी वैद्यकीय महाविद्यालय, आणि सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांचं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. कोल्हापूर नकाशावर जवळ दिसतं, पण मध्ये घाट आहे. दाखल करायचं असेल तर त्या डॉक्टरांकडून रुग्ण स्वीकारण्याचं पत्र आधी मागा. हे पत्र विमान कंपनीही मागू शकते, आणि तिकडचे डॉक्टर ते पाहिल्याशिवाय डिस्चार्जला सहसा तयार होत नाहीत.

तारीख ठरवताना पंचांगही उघडा. गणेश चतुर्थीच्या आधीचे चार-पाच दिवस मुंबईहून कोकणात अँब्युलन्सने यायचं धाडस शक्यतो करू नये. जुलैत दरड कोसळून परशुराम घाट किंवा अन्य कुठे रस्ता बंद पडू शकतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा महामार्ग आणि रेल्वे दोन्ही अडले होते.

रुग्ण विमानात बसू शकेल का

विमान ३५-४० हजार फुटांवर उडतं, पण केबिनमधली हवा दाबून ठेवलेली असते. तो दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. जन्मभर समुद्रसपाटीला राहिलेल्या माणसाला आजारपणात तुम्ही कळसूबाईपेक्षा उंच नेऊन पंधरा तास बसवणार आहात. ८,००० फुटांवरची हवा म्हणजे समुद्रसपाटीवर २१ऐवजी १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा घेण्यासारखं. धडधाकट माणसाचं सॅच्युरेशनही (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) नव्वदीच्या सुरुवातीला उतरतं, त्याला ते जाणवत नाही एवढंच. फुप्फुस किंवा हृदय आधीच दमलेलं असेल तर जाणवतं.

साधी पहिली चाचणी: रुग्ण सपाटीवर ५० मीटर चालून धाप न लागता बोलू शकतो का? दुसरी, बसल्या जागी ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन किती? ९५च्या वर असेल तर सहसा काळजी नाही, ९२ ते ९५ असेल तर डॉक्टरांनी आणखी तपासायला हवं, ९२च्या खाली असेल तर विमानात ऑक्सिजन लागणार असं धरून चाला. हिमोग्लोबिन ७.५च्या खाली असेल तर आधी त्याचा बंदोबस्त.

दुसरी गोष्ट शरीरातल्या हवेची. दाब कमी झाला की कोंडलेली हवा फुगते, जवळजवळ एक तृतीयांशाने. पोटाच्या ऑपरेशननंतर आतड्यात, फुप्फुसाच्या आवरणात, डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनात सोडलेल्या गॅसच्या बुडबुड्यात ती अडकलेली असू शकते. डोळ्यात गॅस असताना विमानात बसलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून नेत्रतज्ज्ञांनी गॅस पूर्ण विरल्याचं लिहून दिल्याशिवाय निघायचंच नाही. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर साधारण दहा दिवस थांबतात, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर चार-पाच. फुप्फुस मिटलं असेल तर ते पूर्ण फुलल्याचं एक्स-रेत दिसल्यावरही एक-दोन आठवडे. नवं प्लास्टर असेल तर ४८ तास, आणि लवकर निघणं भागच असेल तर ते उभं चिरून घ्यावं, कारण आतली सूज वाढली तर पाय आवळला जातो. हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांच्या मुदती रुग्णागणिक बदलतात. तिथे ‘काकांना आठव्या दिवशी आणलं होतं’ हा दाखला कामाचा नाही.

कागद, आणि ते कुणी भरायचे

मुख्य कागद मेडिफ. हा विमान कंपनीचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म. पहिला भाग प्रवाशाचा, दुसरा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. कंपनीचे डॉक्टर तो वाचून मंजुरी देतात, अटी घालतात किंवा नकार देतात. बहुतेक ठिकाणी तो निदान ४८ ते ७२ तास आधी लागतो. स्ट्रेचर असेल तर त्याहूनही आधी द्या. मंजुरीनंतर प्रकृती बदलली तर ती मंजुरी निरुपयोगी, पुन्हा कळवावं लागतं.

मेडिफ भरताना लोक आजार सौम्य करून लिहायला सांगतात, नकार येईल म्हणून. असं करू नका. चेक-इनला रुग्ण धापा टाकताना दिसला तर तिथेच उतरवून ठेवतात, आणि मग तिकीटही गेलं, बेडही गेला. खरं लिहिलं की ऑक्सिजन, एस्कॉर्ट, लिफ्ट हे सगळं कंपनी वेळेवर जमवते.

व्हीलचेअर मागताना नेमकं सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नाहीत, पण केबिनमध्ये सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत उचलून न्यायचं. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिला कोड लावला, तर विमानाच्या दारात सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात.

हॉस्पिटलातून डिस्चार्ज समरी, शेवटचे रक्ताचे अहवाल, ईसीजी आणि स्कॅनची सीडी किंवा पेनड्राइव्ह घ्या. नुसता लेखी अहवाल पुरत नाही, इकडच्या डॉक्टरांना प्रतिमा बघायच्या असतात. औषधांची नावं ब्रँडची नकोत, मूळ औषधाची हवीत. बंदर ब्राझीलमधलं किंवा आखातातलं असेल तर कागद पोर्तुगीजमध्ये किंवा अरबीत मिळतात, इंग्रजी भाषांतर तिथेच करून घ्या. पासपोर्ट हरवला असेल तर भारतीय दूतावास एकतर्फी प्रवासापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, त्याला वेळ लागतो. अमेरिकन पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःचा व्हिसा किंवा ओसीआय कार्डही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) तपासावं, गडबडीत नेमकं तेच राहतं.

खर्च कुणाचा

खलाशी असेल तर घरच्यांनी हातातलं सोनं मोडायला धावू नये. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार जहाजावर आजारी पडलेल्या किंवा जखमी झालेल्या खलाशाचा उपचार आणि त्याला घरी पोहोचवणं ही जहाजमालकाची जबाबदारी असते, आणि मालकाचा विमा सहसा पी अँड आय क्लबकडे, म्हणजे जहाजमालकांच्या विमा संस्थेकडे, असतो. मुंबईतल्या क्रूइंग ऑफिसला, म्हणजे खलाशी भरती करणाऱ्या कचेरीला, फोन करा, पण प्रत्येक फोननंतर तेच ईमेलवरही लिहा. डॉक्टरांनी एस्कॉर्ट लिहून दिला असेल आणि कंपनी एकट्याला साध्या तिकिटावर पाठवू बघत असेल, तर ते डॉक्टरांचं पत्र ईमेलला जोडा. आणि ‘पूर्ण व अंतिम’ असं काही लिहिलेल्या कागदावर आजारपणात सही करू नये, करू देऊ नये.

आखातातल्या कामगारांसाठी दूतावासाकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो, २००९ पासून. अडचणीतल्या माणसाच्या तिकिटासाठी आणि तातडीच्या उपचारासाठी त्यातून मदत मिळू शकते. इमिग्रेशन क्लिअरन्स घेऊन गेलेल्यांचा प्रवासी भारतीय विमाही असतो, त्याचे कागद गावच्या घरी ट्रंकेत पडलेले असतात. शोधा.

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांच्या प्रवास विम्यात मायदेशी पोहोचवण्याचं कलम आहे का ते बघा. असेल तर विमा कंपनीच्या मदत केंद्राची परवानगी आधी घ्यावी लागते. स्वतःच सगळं बुक करून मग बिलं पाठवली तर बहुधा नाकारतात.

सीट, स्ट्रेचर, ऑक्सिजन

बसू शकणाऱ्या पण बराच वेळ टेकावं लागणाऱ्या रुग्णाला बिझनेस क्लासची आडवी होणारी सीट चांगली. ऐकून लोक दचकतात. पण विमानात स्ट्रेचर लावायचं म्हणजे इकॉनॉमीतल्या सहा किंवा जास्त सीट दुमडून त्यावर ते बसवतात आणि त्या सगळ्यांचं भाडं भरावं लागतं, एस्कॉर्टचं वेगळं. हिशेब केला तर बिझनेस अनेकदा स्वस्त पडतो. ज्याला बसवतच नाही, मान सावरत नाही, त्याला मात्र स्ट्रेचरच. व्हेंटिलेटरवरच्या किंवा अस्थिर रुग्णाला स्वतंत्र एअर अँब्युलन्स लागते. लहान जेट अमेरिकेहून येताना इंधनासाठी मध्ये थांबतं आणि खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा असतो.

स्वतःचा सिलिंडर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. एक तर कंपनीकडून आधी मागवायचा, नाहीतर मान्यताप्राप्त पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर न्यायचा. दुसरा मार्ग घेतला तर बॅटऱ्या प्रवासाच्या वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या लागतात. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच, सामानात कधीच नाही. १०० वॉट-तासांपेक्षा मोठ्या असतील तर कंपनीची परवानगी घ्या. बरेचसे पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर सलग हवा सोडत नाहीत, श्वास घेतला की झोत देतात. झोपेत तोंडाने उथळ श्वास घेणाऱ्या रुग्णाला ते पुरतं की नाही, हे हॉस्पिटलातच एक रात्र वापरून बघा.

आणि ही गोष्ट नेमकी सुटते: कंपनीचा ऑक्सिजन फक्त विमानात असतो. मधल्या विमानतळावरच्या चार तासांत तो मिळत नाही, त्याची वेगळी सोय लागते. म्हणून शक्य तिथे थेट विमान. नेवार्कहून किंवा लंडनहून मुंबईला थेट येता येतं, ह्यूस्टनहून मध्ये उतरावंच लागतं. उतरायचंच तर दोन्ही टप्पे एकाच कंपनीचे घ्या, म्हणजे एकच मेडिफ आणि एकच जबाबदार माणूस. दुबईमार्गे येत असाल तर औषधांची यादी पुन्हा वाचा. ट्रामाडॉल, कोडीन ही वेदनेची आणि खोकल्याची औषधं यूएईत नियंत्रित आहेत. डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र आणि मूळ पाकीट हातात हवं.

एस्कॉर्टची पिशवी

सीटखाली मावेल अशी एकच पिशवी, आणि तिच्यात काय कुठे आहे ते अंधारात हाताला कळलं पाहिजे. पल्स ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, थर्मामीटर. प्रवासाच्या दुप्पट दिवसांची औषधं, कारण विमान रद्द होतं. डायपर, ओले पुसणे, हातमोजे, अंथरायच्या शीट, बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. गरजेप्रमाणे कफ ओढून काढणारं, हाताने चालणारं सक्शन. औषधी द्रवाला १०० मिलीलिटरची मर्यादा लागत नाही, पण तपासणीत ते वेगळं काढून दाखवावं लागतं. इन्सुलिन कधीही चेक-इन सामानात टाकू नका, तिथे ते गोठू शकतं.

रुग्णाचे कपडे सैल, पुढून उघडणारे. आज्यांना साडीच नेसून घरी जायचं असतं. ती मुंबईत उतरल्यावर नेसवू, असं सांगून मी गाऊन घालायला लावते. सगळ्या ऐकतातच असं नाही.

विमानात

सगळ्यात आधी चढा. चढताच पर्सरला, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखाला, भेटून सांगा: हा रुग्ण, हा आजार, ऑक्सिजन इतका, मी नर्स किंवा मुलगा. क्रू चांगला असतो, पण भरवणं, औषध देणं, संडासात आत मदत करणं हे त्यांचं काम नाही. विमानातली अरुंद व्हीलचेअर संडासाच्या दारापर्यंत नेते, पुढचं तुमच्यावर. म्हणून सीट संडासाजवळ आणि तुमची जागा रुग्णाच्या चांगल्या बाजूला. पक्षाघाताने लुळी पडलेली बाजू वाटेकडे नको, जाणारा-येणारा धक्का देतो आणि रुग्णाला कळतही नाही.

उड्डाणाआधी लघवीची पिशवी रिकामी करा. कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) फुग्यात हवा नाही, पाणी आहे याची खात्री हॉस्पिटलातच करून घ्या. ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या, नळीच्या फुग्यात हवा असेल तर वर गेल्यावर तो फुगून आतली त्वचा दाबतो, त्याचा दाब पुन्हा पुन्हा मोजावा लागतो किंवा आधीच सलाइन भरतात. नाकातून पोटात नळी असेल तर चढताना तिचं तोंड पिशवीत उघडं ठेवा. पोटावर स्टोमाची पिशवी (पोटावरच्या छिद्रातून येणारं मल-मूत्र धरणारी) असेल तर मोठी लावा आणि जास्तीच्या घ्या. आदल्या दिवशी चणे, वाल, पावटे, शीतपेयं नकोत. बिरड्याची कितीही आठवण आली तरी.

कान दडतात तेव्हा आपण घोटभर पाणी देतो. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळायचा त्रास असेल तर हे पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. त्याला काय आणि किती घट्ट द्यायचं, हे स्पीच थेरपिस्टकडून लिहून आणा आणि विमानातल्या ट्रेमधलं काहीही परस्पर भरवू नका. विमान उतरायला लागलं की झोपलेल्या रुग्णाला जागं करा, झोपेत गिळलं जात नाही आणि कान दुखतात.

नोंदी ठेवताना एकच घड्याळ वापरा. मी ग्रीनिच वेळ धरते. अमेरिकेहून पूर्वेला येताना दिवस दहा-अकरा तासांनी आखूड होतो, आणि भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे रात्रीचं इन्सुलिन दिलं तर दोन डोस फार जवळ येतात. साखर उतरते. वेळा आणि मात्रा निघण्याआधी डॉक्टरांकडून तासांच्या अंतराने लिहून घ्या. दर तासाला नाडी, सॅच्युरेशन, श्वास. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाड बघणं. सीटवर बसलेल्या माणसालाही बेडसोअर होतात.

पायांचं वेगळं. चार तासांहून लांब प्रवासात बसून राहिलं तर शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि आपला रुग्ण तर ऑपरेशन झालेला किंवा आठवडाभर अंथरुणात असलेला. मापाचे दाबमोजे, घोट्याचे व्यायाम, जमेल तसं उभं करणं, पाणी. रक्त पातळ करणारं इंजेक्शन लागणार असेल तर ते डॉक्टर सांगतील. मनाने ॲस्पिरिन देऊ नका. केबिनमधली हवा फार कोरडी असते, ओठ, डोळे आणि ट्रॅकिओस्टॉमी यांना ओलावा द्यावा लागतो.

सॅच्युरेशन पडलं तर घाबरण्याआधी बोट बघा. गार हात, नेलपॉलिश, सुटलेला चिमटा यानेही आकडा पडतो. मग सरळ बसवा, दीर्घ श्वास घ्यायला लावा, कफ काढा. तरी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याखाली राहिलं तर ऑक्सिजन, आणि लगेच क्रूला कळवा. विमानात औषधांची पेटी आणि एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, असतं, आणि बऱ्याच कंपन्या जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. त्यांच्याशी बोलताना तुमची तासातासाची नोंदवही उपयोगी पडते. विमान वळवायचं की नाही, हे ठरवतो कॅप्टन. महासागराच्या मधोमध असताना वळवूनही जवळ काही नसतं, म्हणूनच आधीची मंजुरी इतकी काटेकोर.

रात्री दिवे मंदावले की म्हातारी माणसं गोंधळतात. बोटीत आहोत असं वाटतं, उठून जायला बघतात. गुंगीचं औषध हा सोपा उपाय वाटतो, पण त्याने श्वास दाबला जातो, म्हणून तो उपाय अगदी शेवटचा. त्याआधी चष्मा घाला, कानातलं यंत्र लावा, हात धरा आणि त्यांच्या बोलीत बोला. मालवणीत दोन वाक्यं बोलली की शांत झालेली माणसं मी पाहिली आहेत. मराठी एस्कॉर्टचा आग्रह धरावा तो यासाठी. दहा-बारा तासांहून लांब प्रवासात दोन सोबती असावेत, एक झोपेल तेव्हा दुसरा जागा.

एक अवघड बाब. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला माणूस म्हणतो, ‘माका घराक व्हरा.’ कंपनी अशा रुग्णाला नाकारू शकते, आणि वाटेत काही झालं तर विमान कुठल्या तिसऱ्याच देशात उतरेल. म्हणून नेण्याची वेळ आठवडाभर आधीची असते, आपण ठरवतो तेव्हाची सहसा नसते. तिकडच्या डॉक्टरांना सरळ विचारा: अजून किती दिवस हे प्रवास सोसतील? उत्तर गुळमुळीत आलं तर लगेच निघायची तयारी करा, किंवा तिथेच राहून नातेवाइकांना तिकडे बोलवा.

मुंबईत उतरल्यावर

स्ट्रेचरचा रुग्ण सगळ्यांत शेवटी उतरतो, लिफ्टच्या गाडीने. पासपोर्ट, मेडिफची प्रत आणि पत्रं सोबत्याच्या गळ्यातल्या पाकिटात हवीत. अँब्युलन्स कुठपर्यंत येऊ शकते, त्यासाठी कुणाची परवानगी लागते, हे विमान कंपनीकडून आधी ठरवून घ्या आणि ड्रायव्हरचा नंबर दोन फोनमध्ये ठेवा.

सिंधुदुर्गातल्या लोकांनी उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचा विचार जरूर करावा. तिथे जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात, आणि बांदा-सावंतवाडी तिथून तासाभराच्या आत. मुंबईहून पुढच्या छोट्या विमानालाही मेडिफ लागतो, हे विसरू नका. चिपीला, म्हणजे सिंधुदुर्गच्याच विमानतळावर, २०२१ मध्ये सेवा सुरू झाली, पण ती सलग राहिलेली नाही, आजारी माणसाचा बेत तिच्यावर बांधू नये.

रस्त्याने यायचं तर एक रात्र मुंबईत काढा. सोळा तासांच्या विमानानंतर लगेच रत्नागिरीची सव्वातीनशे किलोमीटरची धाव रुग्णाला झेपली, तरी सोबत्याला झेपत नाही. पहाटे चार-पाचला निघावं. १०८ची अँब्युलन्स तातडीसाठी आहे, ठरवून आणायच्या प्रवासासाठी ती मिळेल असं धरू नका. वाटेत प्रकृती बिघडली तर मात्र तोच नंबर. खासगी अँब्युलन्स ठरवताना नुसतं ‘कार्डिॲक आहे’ यावर समाधान मानू नका. ऑक्सिजन अंदाजे वेळेच्या दुप्पट आहे का, सक्शन चालतं का, स्ट्रेचरचे पट्टे धड आहेत का, आणि कोकणात गाडी चालवलेला ड्रायव्हर आहे का, दुसरा सोबत आहे का, हे विचारा. कशेडीच्या बोगद्याने घाटाची वळणं वाचतात, तरी महामार्गाची अवस्था दर पावसाळ्यात बदलते. मोडलेल्या हाडाच्या रुग्णाला वेदनेची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या, खड्डा आल्यावर नाही. महाड, चिपळूण, डेरवण ही थांबण्याची आणि गरज पडली तर दाखल करण्याची ठिकाणं आधीच नकाशावर खुणावून ठेवा.

बसू शकणाऱ्या रुग्णाला रेल्वे उत्तम. वंदे भारत पनवेल, खेड, रत्नागिरी, कणकवलीला थांबते. उतरायचा प्लॅटफॉर्म कोणता आणि तिथे जिना आहे की लिफ्ट, हे स्टेशनात एखाद्याला पाठवून विचारा. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा बदलतात.

घरी

त्याच दिवशी स्थानिक डॉक्टरांना बोलवा आणि कागद समोर ठेवून बोला. परदेशी औषधांना इथली नावं लिहून घ्या, एकच औषध दोन ब्रँडनी दोनदा दिलं जाण्याची चूक इथेच होते. रक्त पातळ करणारं औषध असेल तर पुढच्या तपासणीची तारीख ठरवा. पुढचे काही आठवडे एका पोटरीला सूज, दुखणं किंवा अचानक धाप दिसली तर वाट न बघता हॉस्पिटल.

बघायला येणाऱ्यांना आवरणं हे खरं कठीण काम. सगळी वाडी येणार, प्रत्येकजण खाटेवर टेकणार, एखादा खोकणार. पहिले चार दिवस पडवीत बसवून चहा द्या आणि आत एकावेळी एकच. देवळात नेऊन गाऱ्हाणं घालायचं म्हणतील, तर नारळ घेऊन घरातलं दुसरं कुणी जाऊ दे, देव समजून घेतो.

बोर्डिंग पास, अँब्युलन्सची पावती, ऑक्सिजनचं बिल, मेडिफची मंजुरी आणि तुमची नोंदवही एका पाकिटात ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो काढून मुंबईच्या क्रूइंग ऑफिसला किंवा विमा कंपनीला त्याच आठवड्यात ईमेल करा, आणि मूळ प्रती मागितल्या तर पोहोच घेऊनच द्या.